खिशाचे तोंड

या, अशा जवळ येऊन बसा. मागे उभे असाल त्यांनीही पुढे सरकावे, जागा पुष्कळ आहे. मन घरी विसरून आला असाल तर आधी त्याला बोलावणे पाठवा. आज एका खिशाची गोष्ट सांगायची आहे. खिसा म्हटले की प्रत्येकाचा हात आपोआप स्वतःच्या खिशाकडे जातो. गेला ना? चला, म्हणजे गोष्ट सुरूच झाली.

एका शहरात, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, मुलांचे एक केंद्र होते. चोरीत सापडलेली, पण वयाने कोवळी म्हणून सुधारगृहाऐवजी इथे ठेवलेली मुले-मुली तिथे राहत. सकाळी अभ्यास, दुपारी हाताला काम. शिवणाचा वर्ग घेणाऱ्या बाईंना सगळे शिवणबाई म्हणत. पंचवीस वर्षे पायमशीन चालवून त्यांचे गुडघे कुरकुरत, पण जीभ कधी कुरकुरली नाही. देवाचे नाव घेतल्याशिवाय सुईत दोरा ओवायच्या नाहीत, आणि ‘बाळा’ म्हटल्याशिवाय मुलांना हाक मारायच्या नाहीत.

तरीही रोज वर्ग सुटला की दार लोटून त्या कात्र्या मोजत. आधीच्या वर्षी एका मुलीवर त्यांनी लेकीसारखा जीव टाकला होता, वर्गाची किल्लीसुद्धा तिच्या हाती दिली होती. एका सकाळी ती मुलगी, ती किल्ली आणि दोन मशिनी अशी तिन्ही एकदम नाहीशी झाली. केंद्र बंद पडता पडता वाचले. दुधाने तोंड पोळलेल्या बाई तेव्हापासून ताकही फुंकून पीत.

अशा वर्गात चिमटी आली. तेरा वर्षांची, शेलाटी, बोलायला चिंगूस. गर्दीत दोन बोटांची चिमटी घालून लोकांचे खिसे हलके करायची, म्हणून टोळीने ठेवलेले ते नाव. टोळीच्या म्होरक्याला ती मामा म्हणे. मामा कसला, ना आईचा भाऊ ना बापाचा मेहुणा. पण तिला आणि तिच्या सहा वर्षांच्या धाकट्या बहिणीला खायला घालत होता तोच, आणि चोरायला पाठवत होताही तोच. आता दोघी बहिणी केंद्रात होत्या.

केंद्राचा पहारेकरी बाईंना म्हणाला, “बाई, खिसे कापणारीला खिसे शिवायला बसवलंत! उद्या मला म्हणाल, मांजराला दुधाची राखण दे.”

“गप्प बसा हो. माणूस बदलतं.”

“बदलतं की. सुंभ जळतो, पीळ तेवढा उरतो.”

बाई हसल्या. पण त्या दिवशी कात्र्या दोनदा मोजल्या गेल्या.

चिमटीची सहा महिन्यांची मुदत संपत आली होती. शुक्रवारी समितीपुढे तिचा निकाल लागायचा होता. देखरेखीच्या अधिकारी ताईंनी बाईंकडून अहवाल मागवला होता. त्यात एकच रकाना महत्त्वाचा होता: मुलगी विश्वासास पात्र आहे की नाही. ‘आहे’ लिहिले तर ती इथेच बहिणीजवळ राहणार. ‘नाही’ लिहिले तर दूरच्या सुधारगृहात जाणार, आणि धाकटी एकटी मागे उरणार.

त्याच सुमारास बाजारातल्या भाजीवाल्या बायकांनी केंद्राला काम दिले. कपड्यांवरून बांधायचे जाड कापडाचे अंगरखे हवे होते, पोटावर मोठा खिसा असलेले, कारण दिवसभराच्या विक्रीचे पैसे त्या तिथेच ठेवत. बाईंनी नमुना कापून दिला. खिशाचे तोंड वर, वीतभर रुंद. खिसे शिवायचे काम चिमटीकडे आले. तिने झरझर पहिले तीन पुरे केले आणि बाईंची नजर पडायच्या आत सोमवारी ते वापरून बघायला बाजारात गेलेही.

बुधवारी दुपारी बाईंनी चौथा हातात घेतला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. खिशाचे तोंड वर नव्हतेच. ते बाजूला फिरवलेले होते, नेमके तिथे, जिथे गर्दीत शेजारून जाणाऱ्याचा हात आपसूक घासतो. तोंडाच्या आत कापडाची एक जीभ शिवली होती. कशासाठी, ते बाईंना उमगेना.

“बाळा, नमुना असा होता का?”

“नाही.”

“मग?”

“असं बरं दिसतं,” चिमटी म्हणाली आणि मशीनचे चाक फिरवू लागली.

पंचवीस वर्षे शिवण केलेल्या बाईला ‘बरं दिसतं’ हे उत्तर! बाईंचे डोळे उघडे झाले. मग नाही नाही ते दिसू लागले. पोरगी नेहमी दाराकडे तोंड करून बसते. शिवताना हाताकडे बघतच नाही, बघते ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे. मधल्या सुट्टीत बाई खिडकीशी गेल्या, तर फाटकाच्या गजांपलीकडे एक माणूस उभा. टोपी पुढे ओढलेली, हात खिशात. चिमटी गजांपाशी उभी राहून ऐकत होती. तो काही बोलला, तिने होकाराची मान हलवली. पुन्हा बोलला, पुन्हा मान हलवली. मग तो निघून गेला.

“तो कोण होता हो?” बाईंनी पहारेकऱ्याला विचारले.

“मामा की तिचा! मी हाकलतो, तो पुन्हा येतो. बाजारातच असतो दिवसभर. काय विकतो, विचारू नका.”

बाजारात मामा. बाजारातल्या बायकांचे खिसे. आणि खिशाचे तोंड मामाच्या हाताकडे वळवलेले. भिंत बांधायला दिली आणि पोरीने चोरासाठी दार ठेवले की काय?

मुले अजून अंगणातच होती. चिमटीची कापडी पिशवी मशीनच्या पायाशी होती. परमेश्वराला आतले सगळे न उघडता दिसते. माणसाला गाठ सोडावी लागते. बाईंनी गाठ सोडली. आत एक फणी होती, धाकटीचा एक मोजा होता, आणि घडी घातलेला कागद. कागदावर खिशाचे चित्र, खिशात शिरणारी दोन बोटे, एक बाण, आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेले: ‘मामाचा हात इथून.’

बाईंनी कागद वेगळा ठेवला, पिशवीची गाठ पुन्हा बांधली, आणि तिथल्या तिथे अहवाल लिहिला. ‘विश्वासास पात्र नाही. टोळीशी संबंध चालू. सोबतचा कागद वर्गात सापडला.’ पहारेकऱ्याच्या हाती तो ताईंच्या कार्यालयात गेलासुद्धा. ‘वर्गात सापडला’ लिहिताना पेन जरा अडखळले होते. पण अडखळले, थांबले नाही.

गुरुवारी दुपारी वर्गाच्या दारात एक धिप्पाड भाजीवाली मावशी उभी राहिली. सोमवारी गेलेल्या तिनांतला एक अंगरखा अंगावरच होता.

“कुणी शिवलं हे? आधी तिला बाहेर काढा, मला बघायचंय!”

बाईंना वाटले, झाला घोटाळा. “मावशी, काय गेलं तुमचं?”

“गेलं? अहो, मिळालं! सकाळी ऐन गर्दीत एका मेल्यानं खिशात बोटं घातली आणि बोटं राहिली तिथंच! निघता निघेनात. मी म्हटलं, दादा, खिशात घर बांधतोस का? असा हिसका मारून पळाला म्हणता, टोपी माझ्याकडे टाकून गेला. टोपीला गिऱ्हाईक असलं तर सांगा.”

“बोटं अडकली? कशी?”

“घाला की तुम्ही. लाजता कशाला, मी ओरडणार नाही.”

बाईंनी शेजारून दोन बोटे घातली. ती कापडाच्या जिभेखाली गेली, आणि बाहेर ओढताच जीभ उलटी दुमडून बोटांवर बसली. मावशीने स्वतःचा हात वरून मनगट वाकवून घातला, तर जीभ मुकाट बाजूला झाली. जिचा खिसा तिच्याच हाताला वाट.

वर्गात हशा पिकला. चिमटी तेवढी हसली नाही. बाकीचे अंगरखेही असेच शिवा अशी ताकीद देऊन मावशी गेल्यावर बाईंनी मुलांना अंगणात पाठवले आणि चिमटीसमोर स्टूल ओढून बसल्या.

“फाटकाशी मामा काय म्हणत होता?”

“खिशाची तोंडं ढिली ठेव म्हणतो. नाहीतर धाकटीला उचलून नेईन म्हणतो.”

“आणि तू मान हलवलीस.”

“मान हलवायला काय लागतं? हलवली की तो जातो.”

“अगं, मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, हात कुठून येतो ते तुला कसं ठाऊक? मग मी पुन्हा चोरच.” तिने मशीनच्या पायाशी असलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. “माझी पिशवी तुम्ही उघडलीत.”

बाईंची नजर पिशवीच्या गाठीवर गेली.

“माझी गाठ अशी नसते. ही बसकी आहे, शिवणवाल्यांची. मला कालच कळलं. मी वाट बघत होते, आता तरी विचाराल. तुम्ही विचारलंच नाहीत.”

बाई उठल्या. चपला पायात घातल्या की नाही, त्यांनाही आठवत नव्हते. ताईंचे कार्यालय दोन रस्ते पलीकडे होते. ताई म्हणाल्या, “अहवाल अजून माझ्याकडेच आहे. दुसरा लिहून द्या. पण मत एका दिवसात का फिरलं, तेही लिहा.”

बाईंनी लिहिले. ताईंनी वाचले आणि एका ओळीवर बोट ठेवले.

“ही ओळ काढून टाका. ‘मुलीच्या माघारी मी तिची पिशवी उघडली.’ नियम ठाऊक आहे ना? मुलांच्या सामानाला न विचारता हात लावणाऱ्याला इथे वर्ग मिळत नाही. नुसतं खिशाचं लिहा, तेवढं पुरे आहे.”

बाईंनी पेन त्या ओळीवर नेले आणि पुन्हा खाली ठेवले. त्या वर्गाशिवाय त्यांना दिवस कसा घालवायचा ते ठाऊक नव्हते. घरी वाट बघणारे कुणी नव्हते.

“ताई, तो कागद वर्गात सापडला असं मी लिहिलंय. समिती म्हणेल, पोरीने मुद्दाम टाकला, चांगली ठरायला. तिनं तो लपवून ठेवला होता. कुणालाच दाखवायचा नव्हता तिला. ही ओळ काढली तर संशय पुन्हा तिच्याच अंगावर जातो.”

“आणि ठेवली तर तुमच्या अंगावर येतो.”

“माझ्याबाबतीत तो खरा आहे ना,” बाई म्हणाल्या.

शुक्रवारी निकाल लागला. चिमटी बहिणीजवळ राहिली. मामाला फाटकाजवळ फिरकायची बंदी झाली. ती लेखी होती. तो ती किती पाळेल, कोण जाणे. शिवणबाईंचा वर्ग सोमवारी काढून घेतला गेला.

सामान न्यायला त्या आल्या तेव्हा चिमटी मशीनवर होती. नव्या बाई शेजारी उभ्या राहून खिशाची जीभ शिकत होत्या. “नाही, असं नाही, आतून धरा,” चिमटी त्यांना सांगत होती, आणि त्या निमूटपणे आतून धरत होत्या. शिवणबाई दारात जरा थांबल्या. चिमटीने वर पाहिले, पाहिले न पाहिलेसे केले आणि पुन्हा चाक फिरवले. तिने त्यांना माफ केले का? खोटे कशाला सांगू, ते मला ठाऊक नाही. बाईंनीही विचारले नाही.

एवढीच गोष्ट. आता एक विनंती. चिमटीची आठवण बाजार ठेवील, तिचा खिसा रोज बायकांच्या पोटावर आहे. शिवणबाईंची आठवण ठेवायला मात्र कुणी नाही. तेव्हा रात्री देवापुढे हात जोडाल, तर आपल्या माणसांची नावे घेऊन झाल्यावर एक नाव त्यांचे घ्या. चुकली, आणि चुकले ते स्वतःच्या हाताने लिहून देऊन निघून गेली, अशी एक बाई होती, एवढे म्हटले तरी त्याला कळेल.