मधल्या राजाचं ताट

"हे शेवटचं कधी जेवले?"

सावंगीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण मला विचारत होती. खाटेवर माझे मधले दीर पुंडलिकराव, हाताला सलाईन. साखर फार उतरली होती.

"दुपारी," मी म्हणाले आणि जीभ अडखळली.

"मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिलेले दिसतात."

धाकटे दीर कैलास हसले. "याले कोण उपाशी ठेवते, मॅडम? अख्खी पंगत याच्याच हातात होती. राजवाढपी हाय आमचा."

आमचं घराणं राजाचं. राज्य कधीच गेलं, घर आता स्लॅबचं. पण आर्वीकडच्या आमच्या गावात दसऱ्याला लोक अजून सोनं द्यायला येतात. थोरले, म्हणजे आमचे हे, गादीवर बसतात. धाकटे तलवार धरून उभे राहतात. मधल्यानं गावाला पंगत वाढायची आणि ती उठल्यावर जेवायचं, अशी रीत. पुंडलिकराव चाळीस वर्षं वाढत आले. कोणाला तिखट सोसत नाही, कोणाचे दात पडले, सगळं त्यांना पाठ. थोरल्याचं लग्न गादीसाठी झालं, धाकट्याचं लाडानं. मधल्याचं राहून गेलं.

दसऱ्याच्या त्या दुपारी, पंगत उठल्यावर, माझ्या नवरात्राचं पारणं होतं. देवीला नैवेद्य दाखवून ताटावर बसले, तोच पुंडलिकराव दारात आले.

"जेवले न, भाऊजी?"

"हो जी वहिनी, झालं. तुम्ही बसा, तुमचा टाईम जाऊन राह्यला."

त्यांच्या हातातल्या वरणाच्या गंजाचा तळ दिसत होता. भाताचं पातेलंही खरवडलेलं मी पाहिलं होतं. आणखी एकदा विचारलं असतं, तर माझं ताट त्यांच्यापुढे सरकवावं लागलं असतं. मी डोळे मिटून हात जोडले आणि पहिला घास घेतला.

"जेवले नव्हते," मी डॉक्टरणीला सांगितलं. "मले माहीत होतं."



दुसऱ्या दिवशी वर्ध्यातल्या बहिणीकडे स्वयंपाक करून डबा आणला. पुंडलिकराव उठून बसले होते.

"वहिनी, तुम्ही कायले तरास घेतला? दादाचं कोण पाहून राह्यलं?"

"पाहतील ते. भाऊजी, तुम्हाले काय आवडते? संध्याकाळी तेच करून आणीन."

ते विचारात पडले. "दादाले भरलेली वांगी लागते. कैलासले गोड."

"तुम्हाले?"

"आठवून सांगतो."

मी ताटात भात वाढला. बोलता बोलता त्यांच्या बोटांनी त्याचे तीन वाटे केले. कडेचे दोन मोठे, मधला लहान. मग त्यांनी तो लहान वाटा सावकाश, एकेक शीत वेचून संपवला, आणि बाकीचे दोन तसेच ठेवून ताट माझ्याकडे सरकवलं.