हळदीतून उठून गेलेला मामा

अंजूरच्या हिरामण भोईरला गावात सगळे विमानवाला म्हणत. तो काही विमान उडवत नव्हता. मुंबईच्या विमानतळावर हँगरमध्ये इंजिनांची देखभाल करायचा. पण गावाला हा फरक कोण समजावणार? विमानाला हात लावलेला माणूस साऱ्या पंचक्रोशीत हा एकटाच! असा भाऊ असल्यावर तुळजाताईनं पोरीच्या हळदीला त्याच्यासाठी हटून बसू नये तर काय करावं? "मामा वेळेवर आला न्हाय तर हळद लागायची न्हाय," असं तिनं आठ दिवस आधीच बजावलं होतं.

म्हणून शहाऐंशी सालच्या मे महिन्यात, त्या हळदीच्या दिवशी, हिरामणनं एक आगाऊपणा केला. सकाळच्या शिफ्टला एका छोट्या विमानाच्या दोन्ही इंजिनांतल्या तेलाच्या गाळण्या बदलायच्या होत्या. काम संपलं की कार्डावर सही करायची, असा नियम. हिरामणनं सही आधीच ठोकून ठेवली. घाईच्या दिवशी सगळेच ठोकायचे, त्यात कुणाला काही वाटत नसे. दोन्हीकडे नव्या गाळण्या बसल्या, झाकणांचे बोल्ट त्यानं हातानं फिरवून लावले. आता ते पान्यानं आवळायचे आणि सुटू नयेत म्हणून पीळ देऊन तार बांधायची, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात शिडीखालून त्याचा जोडीदार रघू ओरडला, "अरे मामा, ठाण्याची जीप सुटतेय! पळ, बाकीचं मी बघतो."

हिरामण पळाला. बाकीचं म्हणजे बोल्ट आवळणं आणि तार, असं हिरामण समजला. बाकीचं म्हणजे पाने आणि चिंध्या गोळा करायच्या, असं रघू समजला. कार्डावर सही होती ना!

चार वाजता मांडवात गोदूबाई धवलारीण खड्या आवाजात लग्नाची धवलगीतं गात होती. नवरी बकुळा हळदीनं माखून पाटावर बसली होती, आणि मामाच्या मानाप्रमाणे हिरामण तिच्या मनगटाला हळकुंड बांधत होता. दोऱ्याची दोन टोकं त्यानं सवयीनं एकमेकांवर पिळली. एक पीळ, दोन पीळ, तीन. आणि त्याला एकदम आठवलं. आज हा पीळ आपल्या हातून पहिल्यांदाच पडतोय. सकाळपासून तारेला आपण हातच लावलेला नाही!

"रघूनं बांधली असंल," त्यानं मनाला समजावलं. पण मन कसलं ऐकतंय! रघूनं पाना मागितला नव्हता, तारेचं बंडल मागितलं नव्हतं. विमान पाच वाजता सुटणार होतं. न आवळलेले बोल्ट आकाशात हादऱ्यानं सुटले की तेल वाहून जाणार, मग इंजिन बंद. एक नव्हे, दोन्ही. आत चव्वेचाळीस माणसं.

तो तसाच उठला. तुळजाताई कडाडली, "अरे, हळदीतून मामा उठतो का कुठं? लाज हाय का?"

"आलोच ताये," म्हणत त्यानं कुणाचीतरी सायकल उचलली आणि अंजूरफाटा गाठला. तिथं मोमीनचाचाच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात फोन होता. पिवळ्या तोंडाचा, पिवळ्या हातांचा माणूस धापा टाकत आत शिरलेला बघून चाचा उठूनच उभा राहिला. हिरामणनं मुंबईला लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यात तातडीचा ट्रंक कॉल लावला, पण लाइन लागली तेव्हा लूमच्या खडखडाटात पलीकडचं एक अक्षर ऐकू येईना.

"चाचा, चव्वेचाळीस लोगों की जान का सवाल है!"

चाचानं पुढचं काही विचारलं नाही. दारात जाऊन ओरडला, "सब लूम बंद करो! एक भी नहीं चलेगा!" एकेक करत अठ्ठेचाळीस लूम थांबले. इतकी शांतता त्या शेडनं कधी ऐकली नसेल. कामगार दारात येऊन उभे राहिले.

पलीकडे शिफ्टचे प्रमुख गुप्तेसाहेब होते. हिरामणला वाटलं, काहीतरी गोलमाल बोलावं, 'एकदा बघून घ्या' एवढंच म्हणावं. नोकरी वाचेल. पण नुसतं बघून घ्या म्हटलं तर सुटायच्या तयारीतलं विमान कोण थांबवणार?

"साहेब, गाळण्यांचे बोल्ट आवळलेले न्हाईत. तार बांधलेली न्हाय. माझी सही खोटी हाय."

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, आणि मग फक्त पळणारे बूट. हिरामण फोन कानाला लावून उभा राहिला. तीन मिनिटं झाली, ट्रंक कॉलची मुदत तेवढीच. आता लाइन तुटणार म्हणून त्यानं डोळे मिटले, तर ऑपरेटर बाई हळूच म्हणाली, "मी तोडत नाही. थांबा तुम्ही." त्या बाईचे पाय धरावेत असं त्याला वाटलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. आईशप्पथ सांगतो, त्या वेळात त्यानं ओळखीच्या आणि अनोळखी सगळ्या देवांना हाक मारली असेल.

"हिरामण?" साहेब धापा टाकत होते. "धावपट्टीच्या तोंडावरून परत आणलं. अरे, बोटानं फिरत होते बोल्ट! दोन्हीकडचे!"

हिरामण तिथल्या कापडाच्या ताग्यांवर मटकन बसला.

"साहेब, उद्या राजीनामा..."

"गप बस. दुपारी इंजिन चालवून बघितलं मी. थेंबभर तेल गळलं नाही, कार्डावर तुझी सही दिसली, म्हणून शिडी चढलोच नाही. खाली उभ्या उभ्या तुझ्या सहीखाली माझी ठोकली. तू फोन केलास. नाहीतर मला पत्ताच लागला नसता रे. उद्या मोठ्या साहेबांपुढे दोघं जाऊ. आणि पुढच्या शिफ्टपासून काम संपल्याशिवाय तुझी सही नाही, आणि शिडी चढल्याशिवाय माझी नाही."

दारातून कुणीतरी विचारलं, "बच गए क्या?" हिरामणनं होकाराची मान डोलावली. तो हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. चाचानं त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि खांद्यावर थोपटलं.

मांडवात पाऊल टाकताच तुळजाताई समोर उभीच. "कमाल हाय बाबा तुझी! चार लोकांत नाक कापलंस. कसलं एवढं काम अडलं होतं?"

"ताये, विमान उडायच्या आधी थांबवलं. चव्वेचाळीस माणसं विमानतळावर खोळंबलीत, आणि आमच्या नावानं शिव्या घालतायत."

"शिव्या घालतायत? मग तू दात काय काढतोस?"

"घालू दे गं," हिरामण म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "शिव्या घालायला हायेत ना सगळी!"