उपवासाचं पाणी

मी एक जुना हौद आहे, आणि मित्रांनो, माझा कोणावरही विश्वास नाही. पांढऱ्या पाण्यावर तर मुळीच नाही.

जळगाव जामोदजवळच्या साबुदाण्याच्या कारखान्यामागे मला बांधलं. साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तो किसून धुतला की दुधासारखं पाणी निघतं. दिसायला गरीब, पण पोटात कच्च्या कंदाचं जहर! ते माझ्यात साठवायचं, उन्हात ढवळत ठेवायचं, आंबटपणा मारायला चुना टाकायचा आणि तपासल्यावरच बाहेर सोडायचं, असा नेम होता. सुरुवातीला पाहुणे यायचे, माझ्यासोबत फोटो काढायचे. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग ढवळणारा पंप बंद पडला. मालक अर्जुनराव रोज म्हणत, "उद्या पाहू." त्या 'उद्या'चाही मला संशय होताच, आणि तो खरा निघाला. एकादशी जवळ आली, साबुदाण्याची मागणी वाढली, ताजं पाणी येतच राहिलं. मी काठोकाठ भरलो.

एकादशीच्या सकाळी शेजारच्या सिंधूताई बादली घेऊन आल्या. त्यांची म्हैस नुकतीच व्याली होती. त्यांचं घर तिच्याच दुधावर चालायचं.

"अर्जुनभाऊ, हे पाणी म्हशीले नेऊ काय? उपवासाचं हाय, चांगलंच असन."

मला वाटलं, आता तरी हा माणूस नाही म्हणेल.

"न्या ना ताई. हौद तरी रिकामा होईन."

अरे देवा! मला तोंड असतं तर गावभर बोंबललो असतो. कुणाची तरी म्हैस मरणार, आणि नाव माझं!

सिंधूताईंनी बादली भरली. पण माणसाला न देता आधी जनावराला पाजणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी तांब्या भरून पुढे केला.

"तुमचाबी उपवास असन ना भाऊ? घ्या घोटभर."

अर्जुनराव झटकन मागे सरले. "मी नाही पेत हे!"

"काऊन?"

अर्जुनरावांनी तांब्या हातानं दूर सारला.

"म्हंजे माह्या म्हशीले चालते, अन् तुमाले नाही चालत?" सिंधूताईंनी बादली माझ्यातच उलटी केली आणि माझ्या कठड्याशी बैठक मारली. "पंप चालू झाल्याबिगर मी इथून हालत नाही."

दुपारी मिस्त्री आला आणि पंप पुन्हा सुरू झाला. डोळे असते तर किती रडलो असतो मी आनंदानं!

मित्रांनो, आम्हा हौदांची डागडुजी वेळेवर करा. आणि 'न्या, काही होत नाही' असं कोणी म्हणालं, तर तांब्या आधी त्याच्याच पुढे धरा.