पुस्तकातली पांढरी पट्टी

संघमित्राच्या नर्सिंगच्या पुस्तकाची कड हाताळून काळवंडली होती. मधली चार मिलिमीटरची पट्टी तेवढी पांढरीशुभ्र होती. ती औषधाच्या मात्रेच्या गणिताची, कधी न उघडलेली पानं. त्यामुळेच ती परदेशी परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती आणि तिसरी परीक्षा महिन्यावर आली होती.

"वहिनी, हृदयाचा धडा पाचव्यांदा? त्या हृदयालाच आता धाप लागली असेल," चिंचपोकळीच्या शाळेत गणित शिकवणारी धाकटी नणंद करुणा म्हणाली.

"उजळणी करतेय गं."

"येतं त्याचीच? माझी पोरंही अस्संच करतात. सातवीतली."

संघमित्रा हसली. नणंदेसमोर विद्यार्थिनी होऊन बसायच्या लाजेपायी तिने दोन वर्षं घालवली होती. तिने पुस्तक मिटलं.

"करुणा, दशांश चिन्ह कुठे द्यायचं तेच मला कळत नाही. आजपासून तू मला शिकव."