मास्तरांचा चहा संपेपर्यंत

गरम पाइपांना कपडे घालणारी माणसं जगात असतात, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. भिंतीवरून वाफेचा पाइप जातो. त्याच्याभोवती रॉकवूलची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या दगडी लोकरीची, जाड गादी, गादीवर तार, तारेवर ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा. शेजारून जाणाऱ्याचा कोपर पत्र्याला लागतो आणि त्याला काहीही होत नाही. आपल्याला काही झालं नाही म्हणून कुणी कुणाचे आभार मानायला गेल्याचं अजून ऐकिवात नाही.

या कामगारांच्या संघटनेकडे दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मालकांशी भांडायची तयारी चाले आणि मागच्या खोलीत पाइप गुंडाळायची शाळा. दोन्हीकडे मास्तर एकच. ते म्हणत, "काम येत नसेल तर भांडू नका. आणि भांडता येत नसेल तर काम शिकून करणार काय?"

मागच्या खोलीत एक म्हातारा बॉयलर होता. तो मास्तरांसारखाच खोकत खोकत का होईना, पण कामाला येई. शिकणाऱ्यानं पाइप गुंडाळून संपवला की मास्तर वाफ सोडत, स्टुलावर बसत आणि चहा मागवत. ज्याचं काम, त्यानं उघडा तळहात पत्र्यावर ठेवायचा आणि मास्तरांचा चहा संपेपर्यंत उचलायचा नाही. मास्तर चहा फुंकून फुंकून पीत. आतलं काम कच्चं असेल तर पहिल्याच घोटाला माणूस नाचायला लागे. मग सगळं सोडायचं आणि पुन्हा गुंडाळायचं. शाळेतला चहा पार पडला की बाहेरच्या जागेवर स्वतःचं पहिलं पूर्ण काम, आणि तिथेही हाच चहा. त्यानंतरच तो माणूस कारागीर. तोपर्यंत मदतनीस, मग केस पिकलेले का असेनात.

वहिनी अजून मदतनीस होत्या. त्यांचा नवरा याच संघटनेतला, त्याला सगळे दादा म्हणत, म्हणून या वहिनी. आधी त्या शिवणकाम करत. पाइपाचं वळण कसं झाकायचं हे मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे ब्लाउजची बाहीच की." मास्तरांनी फळा पुसला आणि पुढची सगळी वळणं त्यांच्याकडून कापून घेतली.

इस्पितळाच्या नव्या धुलाईघरातला पाइप हे वहिनींचं पहिलं पूर्ण काम. तळघरातली लांब खोली, एका भिंतीला धुण्याची आणि इस्त्रीची अवजड यंत्रं, आणि त्यांच्या मागून, बरोबर कोपराच्या उंचीवर, दारापर्यंत गेलेला वाफेचा पाइप. वहिनींनी कोपऱ्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या यंत्रापर्यंत आल्या आणि रॉकवूल संपलं.

संपलं म्हणजे आलं होतं, पण उरलं नव्हतं. गाडीतून उतरलेल्या गाद्यांपैकी निम्म्या लिफ्टनं वर गेल्या होत्या, हे झाडूवाल्यापासून इंजिनियरपर्यंत सगळ्यांनी पाहिलं होतं. वर इस्पितळाच्या मोठ्या साहेबांची बैठकीची खोली तयार होत होती. आतलं बाहेर ऐकू जाऊ नये आणि बाहेरचं आत येऊ नये म्हणून तिच्या भिंती रॉकवूलनं भरायच्या होत्या. रॉकवूल त्यालाही फार चांगलं. बिचारं कुणालाही नाही म्हणत नाही.

कामावरचा मुकादम हा ठेकेदाराचा साडू. त्याची पात्रता एवढीच असल्यामुळे लोक त्याला त्याच नावानं ओळखत.

"दारापर्यंत नुसता पत्रा लावून घ्या," साडू म्हणाला.

"आत काय घालू?" वहिनींनी विचारलं.

"आत पाइप आहे की."

"पाइप तर आहेच, साडूभाऊ. तो पेटलेला असणार. म्हणून तर आपल्याला बोलावलंय."

"वहिनी, पत्रा लावला की आतलं कुणाला दिसतं? परवा उद्घाटन आहे. बघणारे बाहेरून बघतात."

"आणि काम करणाऱ्या बायका?"

"त्या काय पाइपाला मिठ्या मारत बसणार आहेत?"

"यंत्राच्या मागे चादर अडकली तर हात कुठून घालणार? तुमच्या घरून?"

साडूला वाद आवडत नसे. त्याला निर्णय आवडत. "उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला. मग त्यानं बाहेरून दोन माणसं आणली. त्यांनी संध्याकाळपर्यंत उरलेल्या पाइपावर रिकामा पत्रा चढवला, स्क्रू मारले आणि फडक्यानं पुसला. दिसायला तो भाग वहिनींच्या भागापेक्षा जास्त चकचकीत दिसत होता. पोकळ गोष्टींना चमक लवकर येते.

दुसऱ्या दिवशी चाचणीसाठी वाफ सोडली. धुलाईघरातल्या बायकांची थोरली आक्का. दाराजवळच्या यंत्रामागे अडकलेली चादर काढायला तिनं हात घातला आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी पत्र्याला चिकटून राहिली. साडूनं तिथल्या तिथे चौकशी केली आणि निष्कर्ष काढला: सांभाळून काम करत जा.

आक्का बांधलेला हात घेऊन तशीच संघटनेच्या पुढच्या खोलीत आली. मास्तर आणि वहिनी समोरच बसले होते.

"तूच गं ती," आक्का वहिनींना म्हणाली. "हप्ताभर माझ्या डोळ्यांसमोर काम करत होतीस. मला म्हणालीस, आता या पाइपाला बाळ टेकवलं तरी चालेल. मी पोरींना सांगितलं, बाई मन लावून काम करतेय. घे, बघ तुझं मन."

वहिनींनी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "तिसऱ्या यंत्राच्या पुढचं माझं नाही, आक्का."

"पाइपावर काय तिसऱ्या यंत्रापाशी तुझं नाव संपल्याची खूण आहे?"

मास्तरांनी उठून आक्काला खुर्ची दिली.

"मास्तर, माझ्या भागावर चहा मागवू नका," वहिनी म्हणाल्या. "अर्ध्या पाइपाची कारागीर मला व्हायचं नाही. दारापर्यंत माझा हात टेकला तर टेकला. नाहीतर मी परत शिवायला बसते. सुई टोचली तर निदान मलाच टोचते."

"मग उद्या उद्घाटनाला जाऊ," मास्तर म्हणाले. "बोलावलंय आपल्याला. शोभेला म्हणून का होईना."

ते खरं होतं. संघटना बरोबर असली की छायाचित्र चांगलं येतं.

उद्घाटनाला खोली गच्च भरली. यंत्रांपुढे नवे एप्रन घातलेल्या बायका, त्यांच्यात आक्का. तिचा बांधलेला हात दिसू नये म्हणून तिला दुसऱ्या रांगेत उभं केलेलं. वाफ सुरू होती. साडूनं भाषण केलं. भाषणात कुठूनसं ऐकलेलं मास्तरांच्या शाळेचं कौतुकही घातलं: आमचे कारागीर आपल्या कामावर स्वतःचा तळहात ठेवून दाखवतात, अशी आमची परंपरा आहे. परंपरा दुसऱ्याची असली की तिच्याबद्दल बोलताना ऊर जास्त भरून येतो.

मोठ्या साहेबांना ती कल्पना भलतीच आवडली. "मग मीच ठेवतो की हात," ते म्हणाले. छायाचित्रकार म्हणाला, "साहेब, इकडे दाराजवळ या, उजेड चांगला आहे."

साहेब दाराजवळ गेले आणि त्यांनी हात पुढे केला.

साडू एवढ्या चपळाईनं हलू शकतो हे त्या दिवशी कळलं. तो धावला, ठेकेदार धावला, इंजिनियर धावला, आणि ज्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता तो लिफ्टवालाही धावला. चौघांनी मिळून साहेबांचा हात हवेतल्या हवेत झेलला. "तिकडे, साहेब, तिकडे. कोपऱ्यात." कुणालाही काही शोधून काढावं लागलं नाही. आत काय नाही, हे सगळ्यांना पाठ होतं.

साहेबांना वहिनींच्या भागापाशी नेलं. त्यांनी हात ठेवला. "अरे वा, कोमट लागतंय नुसतं," ते म्हणाले. टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्यावर आक्का दुसऱ्या रांगेतून म्हणाली, "साहेबांच्या हाताला चार माणसं धावली. माझा हात त्याच जागेला चिकटला तेव्हा कुणाचा पाय मुरगळला होता?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मोठ्या माणसांची घड्याळं अशा वेळी फार उपयोगी पडतात.

वहिनी पुढे आल्या. "साहेब, उजेड दाराजवळच चांगला आहे. तुम्हाला उशीर होत असेल तर राहू द्या. साडूभाऊ ठेवतील हात. परंपरा आहे त्यांची."

"साडूभाऊ, ठेवा," मास्तर म्हणाले. त्यांनी एक स्टूल ओढून घेतलं. "मी चहा मागवतो."

साडूनं दोन्ही हात पाठीमागे नेले. ते त्याला आपल्या शरीराचे सर्वांत नाजूक भाग वाटू लागले असावेत.

"नाही ठेवत?" आक्कानं एप्रनची गाठ सोडली. "मग आमचे पण नाहीत. त्यांचा हात पाइपावर टेकला की आमचा यंत्रावर."

एकेक करून सगळ्या बायकांनी गाठी सोडल्या, एप्रन घड्या करून यंत्रांवर ठेवले आणि त्या अंगणात जाऊन बसल्या. संघटनेची माणसं त्यांच्या शेजारी बसली. मग घोषणा सुरू झाल्या. मास्तरांनी पुढच्या खोलीतलं सगळं शिक्षण त्या दिवशी वापरलं. घोषणा समोरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जात होत्या. रस्त्यावरचा पंक्चरवाला काम सोडून आला. वॉर्डातले रुग्ण खिडक्यांशी आले. ज्यांना बसता येत नव्हतं त्यांना इतरांनी बसवलं. ऐकू जात नव्हत्या त्या फक्त मोठ्या साहेबांना. घोषणा द्यायला लागायचं कारणच त्यांच्या भिंतींत भरलेलं होतं. बायकांचे गळे बसले आणि साहेबांची बैठक शांततेत पार पडली. विषय होता, कामगारांशी संवाद.

गळ्यांनी झालं नाही ते चादरींनी केलं. मळक्या चादरींचे ढीग आधी जिन्याखाली मावले, मग जिन्यावर आले. मेट्रनबाईंनी, ज्यांना आजवर कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, चादरींचं एक गाठोडं स्वतः वर नेलं आणि बैठकीच्या खोलीतल्या लांब टेबलावर सोडलं. वास मात्र रॉकवूल अडवत नाही. साहेब खाली आले.

"ठीक आहे, ठीक आहे. पाइपाचं काम पूर्ण करून देऊ," ते म्हणाले. "पण माल यायला वेळ लागेल. तोपर्यंत तुम्ही काम सुरू करा. जरा सांभाळून."

"माल आलेला आहे, साहेब," वहिनी म्हणाल्या.

"कुठे?"

वहिनींनी वर बघितलं. मग आक्कानं बघितलं, मग सगळ्यांनीच. शेवटी साहेबांनाही मान वर करावी लागली.

बैठकीच्या खोलीच्या फळ्या दुपारी निघाल्या. गाद्या लिफ्टनं खाली आल्या. लिफ्टवाला प्रत्येक फेरीला "या, या, घरी या" म्हणत होता. वाफ बंद करून पाइप थंड होऊ दिला, रिकामा पत्रा उतरवला, आणि वहिनींनी तिसऱ्या यंत्रापासून पुन्हा काम धरलं. त्यांनी घाई केली नाही. दोनदा मास्तर म्हणाले, "चालेल," आणि दोनदा वहिनींनी तो तुकडा सोडून पुन्हा बांधला.

वाफ सुटली. मास्तर दाराजवळ स्टूल टाकून बसले. वहिनींनी दाराजवळच्या पत्र्यावर तळहात ठेवला. चहा आला. मास्तरांनी फुंकर घातली, एक घोट घेतला, पुन्हा फुंकर घातली.

"मास्तर, चहा थंड होऊन त्यावर साय आली," आक्का म्हणाली.

"येऊ दे."

आक्का जवळ आली. तिनं बांधलेल्या हाताची पट्टी कोपरापाशी थोडी सोडली आणि आपला हात वहिनींच्या हाताशेजारी पत्र्यावर आडवा ठेवला, आधी नुसता टेकवून, मग सगळा भार देऊन. मास्तरांनी कप उपडा करून दाखवला तरी दोघींनी हात उचलले नाहीत.

वर बैठकीच्या खोलीत आता धुलाईघरातलं सगळं ऐकू येतं. यंत्रं, शिव्या, हसणं. साहेबांनी दोनदा तक्रार केली. ती खाली स्पष्ट ऐकू आली.

साडूवर कारवाई झाली. झालेल्या प्रकाराबद्दल त्याला इथून हलवून शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं आहे. तिथे एका शाळेचं स्वयंपाकघर बांधतायत. वाफेचा पाइप हात धुण्याच्या जागेमागून जातो. जरा खालून, मुलांच्या खांद्याच्या उंचीवर.

बातमी संघटनेच्या पुढच्या खोलीत आली तेव्हा वहिनी आपली कात्री पुसत होत्या. त्यांनी ती पिशवीत घातली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तिकडे कुठली बस जाते? आणि चहाचं तिथे काय?"

"थर्मास घेऊ," मास्तर म्हणाले.