तीन अहवाल एका टेबलावर

ताई शिवणकाम शिकवायची. चौतिसाव्या वर्षी तिचे हात खांद्याच्या वर जाईनात. कात्री धरली की बोटं थकायची. केस आईने विंचरून द्यायचे. धाकटा भाऊ म्हणून तिला दवाखान्यांत नेणं माझ्याकडे होतं. रक्त तपासलं, दंडातला स्नायूचा तुकडा काढून तपासला, जनुकंही वाचून घेतली. तीन ठिकाणचे तीन अहवाल, तिन्हींत तेच, 'निश्चित सांगता येत नाही'. एका डॉक्टरांनी मनाचा आजार असेल असं सुचवलं. ताई घरी येऊन एवढंच म्हणाली, "म्हणजे मी नाटक करते तर."

सहा वर्षांनी, स्नायूचा तुकडा तपासला होता त्या संशोधन केंद्रातून फोन आला. तिथल्या एक बाई न सुटलेल्या केसेस पुन्हा उघडून बसल्या होत्या. आम्ही गेलो. त्यांनी तिन्ही अहवाल टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"तुमच्या एका जनुकात बारीक बदल आहे. असे बदल सगळ्यांतच असतात, म्हणून त्याकडे कुणी पाहिलं नाही. पण जपून ठेवलेल्या स्नायूत त्याच जनुकाचा निरोप मधेच तुटतोय. आणि रक्तात अर्धवट जळलेली चरबी साठलीय. तिन्ही अहवालांचं बोट एकाच जागी."

"यावर औषध?" मी विचारलं.

"एक जीवनसत्त्व, मोठ्या मात्रेत. बऱ्याच जणांना गुण येतो. तुमच्या डॉक्टरांशी बोललेय मी."

ताईचा प्रश्न वेगळाच होता. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?"

"अहो, तुमचं रक्तच सांगत होतं. आम्हीच उशिरा ऐकलं."

गोळ्यांनी लघवी पिवळीधमक झाली, तेव्हा आई घाबरली. तिसऱ्या महिन्यात मात्र ताईने स्वतःची वेणी घातली. वाकडी झाली. आई फणी घेऊन उभीच राहिली. "आता माझं काय काम?" म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

ताईने त्या बाईंसाठी पिशवी शिवली, आणि आम्ही द्यायला गेलो. बाई संकोचल्या. "माझ्या एकटीचं नाही हे," म्हणत त्यांनी आम्हाला तळघरात नेलं. तिथे गोठवलेले नमुने सांभाळणारे काका बसले होते. सहा वर्षं ताईचा तो तुकडा त्यांनीच जपला होता.

ताईने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"मी काय केलं पोरी," काका म्हणाले, "फ्रीज तेवढा बंद पडू दिला नाही."

"तेच," ताई म्हणाली. "तेच तर."

पिशवी काकांकडे राहिली. बाईंसाठी दुसरी शिवायला ताईने घरी येताच कापड काढलं.