मेलेल्यांना मेल

बोईसरच्या मैदानात दर गुरुवारी मांडव उभा राहू लागला, आणि स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना "कहाँ जाना है?" असं विचारायचं काम उरलं नाही. हातात मोबाइल आणि डोळ्यांत पाणी असलेला माणूस दिसला की ते सरळ मांडवाकडे रिक्षा वळवायचे.

मांडवात संदेशानंद महाराज बसत. लोक त्यांना मेलबाबा म्हणत. मेलेल्या माणसाचं नाव लिहायचं, त्यापुढे बाबांच्या मठाचा ई-मेल पत्ता जोडायचा आणि मेल पाठवायची. परलोकातून उत्तर येई.

"मेल्यानं माणूस संपत नाही, मेल केल्यानं सापडतो!" बाबा गर्जत. "इतर कुठेही खोट्या नावाने मेल टाकून बघा. परत येते की नाही? कोण परत फेकतो? मेलर डेमन! डेमन म्हणजे राक्षस! सगळ्या कंपन्यांनी दाराशी राक्षस बसवलेत. आमच्या दारात राक्षस नाही. आमची मेल थेट वर!"

मांडव टाळ्यांनी दणाणून जाई.

जवळच्या पाम गावात राहणाऱ्या सुगंधाबाई हे सगळं ऐकून हसून सोडून देत. शाळेतून निवृत्त झाल्यावरही त्यांच्या ओटीवर मुलांचा वर्ग भरतच होता. पण एका संध्याकाळी त्यांची विद्यार्थिनी हेमांगी आपल्या आईला, हंसाला घेऊन आली, आणि बाईंचं हसू मावळलं.

"बाई, यांचा निरोप आला," हंसा म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "होडी मठाला वाहा, तवाच मला गती मिळंल, असा लिवलाय. येत्या गुरुवारी देणार हाय."

हंसाचा नवरा वादळात समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. होडी तेवढी रिकामी किनाऱ्याला लागली; त्याचं काहीच हाती लागलं नव्हतं. आता तीच होडी मुलगा केतन चालवत होता. ती गेली की त्याने दुसऱ्याच्या होडीवर राबायचं.

'वेडी आहेस का?' हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. चुकलेल्या उत्तरावर लाल फुली मारून कुठलं पोर शहाणं होत नाही, गणित त्याला स्वतःलाच पडताळू द्यावं लागतं, हे त्या जन्मभर पाहत आल्या होत्या. त्यांनी हेमांगीचा मोबाइल घेतला, पाठवलेली मेल उघडली आणि चष्मा वर केला.

"हंसा, हा परशुराम कोण गं?"

"कोन परशुराम?"

"मेल परशुरामाला गेली आहे."

हंसा गोंधळली. "मांडवातल्या चेल्यानं मोबाइल घेतला नि मालकांचं नाव इचारलं. मी कसा घेऊ नाव? मी बोलले, विष्णूचा पाचवा अवतार. तो बोटं मोजत बसला."

"आणि एक बोट जास्त मोजलं. पाचवा वामन, सहावा परशुराम. हेमांगी, तू कुठे होतीस?"

"मी चपला सांभाळत होते, बाई."

हंसा हट्टाने म्हणाली, "वर समदी एकमेकांना वळकत असतील. दिली असंल त्यानं मेल यांना."

"असेलही. आपण पडताळून पाहू."

हेमांगीने आधी एका साध्या कंपनीच्या पत्त्यावर, डोक्यात आलं ते वेडंवाकडं नाव घालून मेल पाठवली. मिनिटभरात ती परत आली: या नावाचं इथे कोणी नाही.

"हा तो राक्षस," बाई म्हणाल्या. "संगणकात डेमन म्हणजे आडून गुपचूप राबणारा प्रोग्राम. नाव भुताचं, काम पोस्टमनचं. माणूस सापडला नाही, तर पत्र परत आणून देतो. आता बाबांच्या पत्त्यावर पाठवू. नाव कुणाचं घालायचं?"

"मांदेली!" हेमांगी ओरडली. दुपारी कालवणात तीच मासळी होती. हंसालाही हसू आवरेना.

मेल गेली: 'प्रिय मांदेली, तू गेलीस आणि ताट सुनं झालं. तुझी काय इच्छा आहे?'

ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी चक्क उत्तर आलं.

गुरुवारी बाबांनी होडीच्या दानाची घोषणा केली आणि हंसाला वर बोलावलं. सुगंधाबाई शेजारी उभ्या राहिल्या.

"बाबा," हंसा माइकसमोर म्हणाली, "आदी आमच्या मांदेलीचा निरोप वाचा."

बाबांनी तिने पुढे केलेला मोबाइल कपाळाला लावला आणि गहिवरून वाचलं, "बाळांनो, मी सुखात आहे. फक्त माझे गुडघे दुखतात. माझे दागिने मठाला वाहा."

मग मासळीवाल्या बायकांच्या बाजूने आवाज आला, "अगो, तिच्या गुडघ्यांना तेल लावा कुनीतरी!"

"मी लावला ना सकाळी, तव्यावर!"

मांडव हसून लोटपोट झाला.

"हसू नका!" बाबा कडाडले. "मांदेलीताई पुण्यवान आत्मा आहे!"

"मासळी हाय ती!" हंसा ओरडली. "आनि परशुराम कोन? माझ्या मालकाचा नाव वामन. वामन!" जन्मात पहिल्यांदा तिने ते नाव उच्चारलं होतं, तेही माइकवरून.

मग सुगंधाबाईंनी, वर्गात सांगावं तसं सांगितलं, "तुम्ही खाडीच्या तोंडाशी डोल लावता ना? बोंबील येवो, कोळंबी येवो, कचरा येवो, सगळं त्या जाळ्याच्या पोटात. बाबांची पेटी तशीच आहे. पुढे कुठलंही नाव घाला, मेल एकाच पेटीत पडते. मेल सांभाळणाऱ्या कुठल्याही संगणकाला असं सांगून ठेवता येतं. मागच्या खोलीत चेले बसून उत्तरं लिहितात. यात चमत्कार काहीच नाही."

लोक मागच्या खोलीकडे वळले. बाबांना अचानक समाधी लागली.

बाहेर आल्यावर हंसाने हळूच विचारलं, "म्हंजे ते कायच बोलले नाय?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

हंसा रडली. या वेळचं रडणं मात्र खऱ्या माणसासाठी होतं.

दुःखात असलेल्याला 'हो' म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना जरा उलटं विचारून पाहावं: चुकीचं नाव सांगितलं, तर तुम्ही 'नाही' म्हणाल का? ज्याच्या तोंडून कधीच 'नाही' निघत नाही, त्याच्या 'हो'वर एक होडीच काय, एक वल्हंसुद्धा सोपवू नये.